कॉलेजचा मोठा फेस्ट: सिंगर नंतर, आधी मैदान मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की इंदूरच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात तुमची बारा जणांची स्टुडंट कमिटी आहे, फेब्रुवारीत दोन दिवसांचा फेस्ट करायचाय, पाच हजार लोक येतील असा अंदाज आहे, गेल्या वर्षीची टीम पास होऊन गेली आणि जाताना एक कागद मागे ठेवला नाही. डीन सर म्हणतात आधी प्लॅन आणा. आणि कमिटीत वाद हा चाललाय की आधी स्पॉन्सर शोधायचा का आधी सिंगर फायनल करायचा, कारण सिंगरचं नाव सांगितल्याशिवाय स्पॉन्सर पैसे देत नाही आणि पैसे आल्याशिवाय सिंगर बुक होत नाही. हातात चार महिने आहेत.

मी इंदुरातच स्टेज, साउंड, लाइट आणि एकूण प्रॉडक्शनचं काम करते, बरीच वर्षं झाली, आणि कॉलेजांचे फेस्ट हा आमच्या कामाचा मोठा हिस्सा आहे. हा वाद मी जवळजवळ प्रत्येक कॉलेजात ऐकलाय. माझं उत्तर सरळ आहे, दोन्ही नंतर. तुमच्या मैदानात एका वेळी किती माणसं धड उभी राहू शकतात आणि ती किती वेळात आत येतात, हा आकडा आधी काढा. बजेट, पास, सिंगर कोणत्या लेव्हलचा, परमिशनच्या अर्जात काय लिहायचं, सगळं त्या आकड्यातून निघतं. उलट्या बाजूने गेलात, म्हणजे आधी मोठं नाव घेतलं, की मग जागा त्या नावाला पुरवायची धडपड सुरू होते आणि तिथेच गडबड होते.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत हे आधीच सांगते. ग्राउंड कॉलेजचं स्वतःचं आहे का भाड्याचं, बाहेरच्या कॉलेजची मुलं येणार का फक्त तुमचं आयकार्ड, कॅम्पस शहरात वस्तीला लागून आहे का बायपासकडे मोकळ्यावर, हॉस्टेल आत आहे का नाही, यावर बरंच बदलतं. तुम्ही यातलं काही लिहिलं नाहीये, म्हणून मी साधारण मधली केस धरून चालते.

तर टेप घेऊन ग्राउंडवर जा. गूगल मॅपवर मोजू नका, तिथे झाड, खड्डा, पाण्याची टाकी, मधला विजेचा खांब दिसत नाही. समजा ग्राउंड ६० मीटर बाय ४० मीटर निघालं, म्हणजे २४०० चौरस मीटर. यातून स्टेज काढा, स्टेजमागची ग्रीन रूम आणि जनरेटरची जागा काढा, स्टेजपुढचा बॅरिकेडच्या आतला रिकामा पट्टा, मधला कन्सोलचा, म्हणजे साउंड-लाइट जिथून चालवतात त्या टेबलाचा, चबुतरा, दोन्ही बाजूंनी ॲम्ब्युलन्स जाईल एवढा रस्ता, स्टॉल. नऊशे चौरस मीटर सहज जातात. उरले पंधराशे. मी कॉलेजच्या शोला चौरस मीटरला दोन माणसं धरते, म्हणजे तीन हजार. कोणी म्हणेल चार बसतात की. बसतात, पण चारला लोकांना धड चालता येत नाही, चक्कर आलेल्या मुलीला बाहेर काढता येत नाही, आणि सहा-सातच्या पुढे गर्दी गेली की माणूस स्वतःच्या पायाने हलतच नाही, मागचा रेटा नेईल तिकडे जातो. मुलं नाचणार आहेत, पुढे सरकणार आहेत, ग्राउंडभर सारखी पसरून उभी राहणार नाहीत, स्टेजसमोर दाटी आणि मागे रिकामं असंच होतं. त्यामुळे दोन म्हणजे दोनच धरा.

म्हणजे तुमचे पाच हजार या उदाहरणातल्या ग्राउंडमध्ये बसत नाहीत. याचा अर्थ फेस्ट लहान झाला असं नाही. पास दिवसागणिक वेगळे करा, पहिल्या दिवशी बँड आणि डान्स, दुसऱ्या दिवशी मुख्य कलाकार, दुसऱ्या मोकळ्या जागेत एलईडी स्क्रीन लावून तिथे फूड कोर्ट ठेवा. पण पास मात्र एका दिवसाचे तीन हजारच छापायचे, आणि त्यातच व्हॉलंटियर, फॅकल्टी, स्पॉन्सरचे पाहुणे, कलाकाराची माणसं सगळी मोजायची. 'पन्नास जास्तीचे चालतील' हे वाक्य बारापैकी प्रत्येकाने एकेकदा म्हटलं की सहाशे होतात.

यानंतर गेट. मला सगळ्यात जास्त काळजी गेटची वाटते आणि मुलांना सगळ्यात कमी. एका लेनमध्ये आयकार्ड बघणं, क्यूआर स्कॅन करणं आणि बॅग तपासणं याला माणसामागे दहा सेकंद धरा, नेटवर्क चालू असेल तर. मिनिटाला सहा. चार लेन असतील तर मिनिटाला चोवीस, आणि तीन हजार माणसं आत यायला १२५ मिनिटं. दोन तास! आणि तुमच्या पोस्टरवर लिहिलेलं असतं, गेट सहाला, शो सातला. म्हणजे शो सुरू होताना निम्म्याहून जास्त लोक बाहेर. आठ लेन केल्या तर तासभरात होतं. मुलींच्या लेन वेगळ्या, तिथे लेडी गार्ड, आणि कार्ड विसरलेल्यांसाठी बाजूला वेगळं टेबल, कारण एका मुलाने लेनमध्ये उभं राहून वाद घातला की मागचे दोनशे थांबतात. नेटवर्क गर्दीत हमखास मरतं, म्हणून स्कॅनर ॲप ऑफलाइन चालणारं घ्या आणि पासधारकांची छापील यादी प्रत्येक लेनवर ठेवा.

गेटवर नक्की काय होतं ते एकदा जवळून सांगते. एका कॉलेजात कलाकाराचा साउंड चेक लांबला, गेट पाऊण तास उशिरा उघडलं. बाहेर रस्त्यापर्यंत मुलं, सगळी शांत, हसतखेळत, सेल्फी काढत. गेट उघडल्यावर लेन बरोबर चालू होत्या. मग आत स्टेजवर अँकरने उत्साहात माइक घेतला आणि ओरडला, 'इंदौर, तैयार हो?' बस. बाहेर आवाज पोचला आणि मागच्यांना वाटलं शो सुरू झाला. पुढच्यांना काही कळायच्या आत मागून रेटा आला, बॅरिकेडचे पाय जमिनीवरून उचलले गेले हे मी डोळ्यांनी पाहिलंय, एक गार्ड बॅरिकेड आणि पत्र्याच्या मध्ये दबला होता. आमच्या गेटच्या मुलाने वॉकीवर कन्सोलला सांगितलं, आवाज पूर्ण बंद, ग्राउंडचे पांढरे लाइट पूर्ण चालू, आणि गेटबाहेर लावलेल्या छोट्या स्पीकरवरून तो स्वतः हिंदीत सावकाश बोलत राहिला की शो सुरू झालेला नाही, शेवटचा माणूस आत येईपर्यंत सुरू होणार नाही, दोन पावलं मागे घ्या. तीन-चार मिनिटांत रेटा उतरला. तेव्हापासून गेटबाहेर स्पीकर आणि थेट कन्सोलशी वॉकी हे आमच्या प्रत्येक कोटेशनमध्ये असतं, क्लायंटने मागो न मागो.

आणि हे नुसतं घाबरवणं नाही हो. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोचीच्या कुसॅट विद्यापीठात, तुमच्यासारख्याच मुलांनी भरवलेल्या टेक फेस्टमध्ये, गाण्याच्या कार्यक्रमाआधी ओपन एअर ऑडिटोरियमच्या तोंडाशी चेंगराचेंगरी झाली आणि चार जण गेले. पाऊस आला, बाहेरचे लोक आडोशाला म्हणून एकदम आत शिरले, आणि गेटच्या आत लगेच खाली उतरणाऱ्या पायऱ्या होत्या, पुढचे पडले, मागचे त्यांच्यावर. म्हणून तुमचं गेट बघायला जाल तेव्हा आत पाऊल टाकल्यावर लगेच उतार, पायरी, केबल किंवा अरुंद वळण आहे का ते बघा. असेल तर गेट बदला. आत यायचं गेट आणि बाहेर जायचं गेट वेगळं, आणि बाहेर जायचं गेट पूर्ण शोभर कुलूप न लावता, माणूस उभा करून. फेब्रुवारीत आपल्याकडे पाऊस नसतो असं म्हणू नका, मावठा येतो.

आता तारीख. तुम्ही फेब्रुवारी म्हणताय, आणि मध्य प्रदेशात फेब्रुवारी म्हणजे बोर्डाच्या परीक्षा. आपल्याकडे १९८५ चा कोलाहल नियंत्रण अधिनियम आहे, परीक्षांच्या काळात त्याखाली लाउडस्पीकरवर बंदीचे आदेश निघतात, आणि डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने लाउडस्पीकरबद्दल वेगळा आदेश काढल्यापासून सगळे जास्त सावध झालेत. त्याच्यावर केंद्राचे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि हॉस्पिटल, कोर्ट यांच्याबरोबर शिक्षणसंस्थेच्या भोवतीचे १०० मीटरसुद्धा शांतता क्षेत्रात येऊ शकतात. म्हणजे तुम्ही ज्या जागी वाजवणार आहात तीच नियमाच्या नजरेत नाजूक जागा आहे. त्यामुळे 'आपलं कॅम्पस आहे, आपल्याला कोण विचारतं' हे डोक्यातून काढून टाका. माझा सल्ला विचाराल तर जानेवारीचा तिसरा आठवडा बघा, २६ जानेवारीच्या आधी, तुमचे सेमिस्टरचे पेपर मध्ये येत नसतील तर. आणि शो पावणेदहाला संपेल असाच आखा, दहाला नाही, कारण वन्स मोअर होतोच.

परमिशनचा अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या किंवा डीनच्या सहीने जातो, विद्यार्थ्यांच्या नाही. सुरुवात तुमच्या हद्दीतल्या ठाण्यापासून करा, टीआय साहेबांना, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखांना, तारीख ठरायच्या आधी भेटा, ठरल्यावर नाही. डिसेंबर २०२१ पासून इंदुरात पोलीस कमिश्नर पद्धत आहे, म्हणून दहा वर्षांपूर्वी पास झालेल्या सीनियरने सांगितलेला रस्ता तसाच चालेल असं धरू नका, कोणता कागद कोणाच्या सहीने सुटतो ते ठाण्यातच विचारून घ्या. अर्जाला ग्राउंडचा नकाशा जोडा, गेट, ॲम्ब्युलन्सचा रस्ता, फायर एक्स्टिंग्विशर, जनरेटर, पार्किंग दाखवलेला, आणि तीन हजार हा आकडा कसा काढला ते दोन ओळीत. असा कागद बघितला की समोरच्या अधिकाऱ्याचं बोलणंच बदलतं, हा माझा कायमचा अनुभव आहे, कारण त्याच्याकडे येणाऱ्या अर्जांत 'सांस्कृतिक कार्यक्रम, कृपया अनुमती प्रदान करें' याच्यापुढे काहीच नसतं.

हाच नकाशा आणि हाच आकडा तुमच्या डीन सरांचा प्लॅन आहे. मैदानाचं माप, किती लोक, किती गेट, तारीख आणि ती का, शेवटी खर्चाचा अंदाज. तीन पानं पुरतात, चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन नको.

आता सिंगर. कलाकाराची फी हा खर्चाचा एक भाग असतो, मुलं त्यालाच पूर्ण खर्च समजतात. त्याच्यावर १८ टक्के जीएसटी, बँडसकट सगळ्यांची तिकिटं, हॉटेल, गाड्या, आणि टेक रायडर, म्हणजे कलाकाराला लागणारा साउंड, कन्सोल, माइक, मॉनिटर यांची यादी. रायडर आल्यावर कळतं की तुम्ही ठरवलेला साउंड चालणार नाही आणि दुसरा त्याच्या दुपटीने आहे. म्हणून अॅडव्हान्स द्यायच्या आधी रायडर मागा आणि तो साउंडवाल्याला दाखवून लेखी भाव घ्या. दुसरं, मधले एजंट. एकाच सिंगरची तारीख चार लोक विकत असतात आणि त्यातल्या तिघांकडे ती नसते. व्हॉट्सॲपवर आलेल्या पोस्टरवर पैसे टाकू नका. कलाकाराच्या मॅनेजमेंट कंपनीचं कन्फर्मेशन, करार कॉलेजच्या नावाने, पेमेंट कॉलेजच्या खात्यातून, आणि कॅन्सल झालं तर अॅडव्हान्सचं काय हे करारात लिहिलेलं. कमिटीतल्या कोणाच्याही पर्सनल खात्यावर एक रुपया येऊ-जाऊ देऊ नका, पुढे टॅक्सचं आणि संशयाचं असं दोन्ही लचांड त्या पोराच्या गळ्यात पडतं.

आणि खरं सांगू का, तुमच्या टीमच्या पहिल्याच वर्षी मोठं नाव हवंच असंही नाही. चांगला लाइव्ह बँड, स्वच्छ साउंड आणि वेळेवर सुरू झालेला शो मुलं जास्त दिवस लक्षात ठेवतात. हे माझं मत आहे, तुमच्या कमिटीत नाही पटायचं, पण मत आहे.

संगीताच्या लायसन्सबद्दल कोणीच विचारत नाही म्हणून मीच सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिक्षणसंस्थांना सवलत आहे, विद्यार्थी आणि स्टाफने सादर केलेलं असेल आणि बघणारे विद्यार्थी, स्टाफ, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक एवढेच असतील तर. तुम्ही बाहेरच्यांना पास विकले, पैसे घेऊन कलाकार किंवा डीजे बोलावला, की ती सवलत धरून चालू नका. मग रेकॉर्डेड गाण्यांसाठी पीपीएल आणि गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएस या लायसन्स देणाऱ्या संस्थांकडे आधी चौकशी करा आणि ती रक्कम बजेटमध्ये घाला. ऐन वेळी नोटीस आली की डीन सरांचा चेहरा बघवत नाही.

स्पॉन्सरचा गुंता यातूनच सुटतो. त्यांना सिंगरचं नाव हवं असतं असं तुम्हाला वाटतं, पण त्यांना हवं असतं किती मुलं, कोणत्या वर्षाची, किती वेळ त्यांच्या स्टॉलपुढून जाणार. तुमच्याकडे तीन हजारांचा खरा आकडा आणि गेटपासून स्टेजपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा असेल तर तुम्ही स्टॉल विकू शकता, नावाशिवाय. कोचिंगवाले, बाइकचे शोरूम, कॅफे, नमकीनवाले, हे आपल्या शहरात फेस्टला पैसे देणारे लोक. एकच टायटल स्पॉन्सर पकडून बसू नका, तो शेवटच्या आठवड्यात अर्धे देतो. मला सुरक्षित वाटतं ते असं, की स्टेज, साउंड, गेट, सिक्युरिटी, ॲम्ब्युलन्स, पाणी हा खर्च कॉलेजच्या फंडातून आणि फीमधून आधीच भरलेला असावा आणि कलाकार स्पॉन्सरच्या पैशावर. स्पॉन्सर फिरला तर कलाकार जाईल, गार्ड जाणार नाहीत. आणि कोणी मुलांच्या मोबाइल नंबरची यादी मागितली, मागतातच, तर स्पष्ट नाही म्हणा. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झालाय, आणि तो नसता तरी मुलींचे नंबर असे वाटायची गोष्ट नाही.

विजेचं काम थोडक्यात सांगते कारण ते तुम्ही करायचं नाही, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यायचं. तुम्ही एवढं बघा की साउंड आणि लाइट वेगवेगळ्या सप्लायवर आहेत, स्टेजच्या जनरेटरवर कोणी फूड स्टॉलचा फ्रायर लावला नाही, अर्थिंग खरंच जमिनीत गाडलंय, आणि माणसं चालतात तिथली प्रत्येक केबल झाकलेली आहे.

कचऱ्याचं इंदुरात सांगायला नको, २०१७ पासून आपण स्वच्छतेत नंबर लावतोय आणि तुमच्या फेस्टनंतर मैदानाचे फोटो फिरले तर कॉलेजला लाज वाटेल. ओला-सुका वेगळा, निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, झोन ऑफिसला आधी कळवून गाडी मागवा. १ जुलै २०२२ पासून सिंगल यूज प्लॅस्टिकवर बंदी आहे, त्यात प्लॅस्टिकचे चमचे-ग्लास तर आहेतच, पण सजावटीचं थर्माकोल आणि १०० मायक्रॉनखालचे पीव्हीसी बॅनरही आहेत, आणि डेकोरेशन टीम नेमकं तेच आणते. कापडी बॅनर करा, पुढच्या वर्षी तारीख बदलून वापरता येतो. पाण्यासाठी जार आणि नळाचे कॅन, बाटल्या विकायला ठेवल्या की ग्राउंडवर त्याच पायाखाली येतात.

आता तुमची बारा जणांची टीम. बारा जणांनी मिळून निर्णय घ्यायचे नाहीत. आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळात कसा खजिनदार एकच असतो आणि पावती पुस्तक त्याच्याचकडे, तसं ठेवा. पैसे एकाकडे, परमिशन एकाकडे, ग्राउंड आणि गेट एकाकडे, कलाकार एकाकडे, आणि या चौघांच्या वर एक जण ज्याचं शेवटचं ऐकायचं. बाकी सात जण यांचे हात. ग्राउंडवाला शोच्या दिवशी स्टेजजवळ दिसला नाही पाहिजे, त्याला गाणं ऐकायला मिळणार नाही, हे त्याला आजच सांगा. शो थांबवायचा अधिकार कोणाला हे लेखी असू द्या, एक तुमच्यातला, एक फॅकल्टी, एक सिक्युरिटीचा, तिघांपैकी कोणीही बोललं तर कन्सोलने आवाज बंद करायचा, कलाकाराला काय वाटेल हा विचार नंतर. हे कलाकाराच्या मॅनेजरला करारातच सांगून ठेवा, तेही समजूतदार असतात.

व्हॉलंटियरांना सकाळी पोहे आणि दुपारी जेवण नक्की द्या आणि चार-चार तासांच्या पाळ्या करा. उपाशी आणि थकलेला पोरगा गेटवर भांडतो. लांबून येणाऱ्या मुलींच्या परतीच्या बस शो संपायच्या आधी उभ्या हव्यात, कोणत्या बसमध्ये कोण बसलं याची यादी एका मॅडमकडे. ॲम्ब्युलन्स ग्राउंडच्या आत, तोंड बाहेरच्या दिशेला, ड्रायव्हर गाडीतच, आणि १०८ वर अवलंबून राहू नका, ती शहराची आहे, तुमच्या एकट्याची नाही.

शेवटी शो संपल्यावरचे चार तास, ज्याबद्दल कोणताच प्लॅन नसतो. लोक गेले की तुमची सगळी टीम स्टेजवर फोटो काढते आणि त्याच वेळी आमची मुलं वर चढून ट्रस, म्हणजे लाइट टांगायचा सांगाडा, उतरवत असतात, लाइट, चेन, पाइप खाली येत असतात. स्टेज उतरवताना अपघात जास्त होतात कारण सगळे थकलेले असतात. म्हणून फोटो काढायला दहा मिनिटं ठरवून द्या, मग स्टेज दोरीने बंद. तुमच्यातले दोन जण त्या दिवशी दुपारी झोपून ताजे राहिलेले असावेत, त्यांची ड्युटी रात्री अकरापासून पहाटेपर्यंत, टेंटवाल्याचं सामान मोजून घेणं, ग्राउंडचे खड्डे बुजवून घेणं, हरवलेले मोबाइल आणि जॅकेट एका खोलीत यादी करून ठेवणं. आणि दुसऱ्या दिवशी त्याच दोघांनी सगळी बिलं, परमिशनच्या कॉप्या, नकाशा, व्हेंडरचे नंबर आणि गेटवर दर पंधरा मिनिटांनी किती माणसं आत आली याची नोंद एका फाइलमध्ये लावून डीन ऑफिसात जमा करायची, पावती घेऊन, म्हणजे पुढच्या टीमला हा प्रश्न पहिल्यापासून विचारावा लागणार नाही.